पंपावर कोण होतं

३ फेब्रुवारी

दादा,

वर नमस्कार लिहून तीनदा खोडला. नऊ वर्षांनी नमस्कार लिहिला की नोकरीसाठी अर्ज केल्यासारखं वाटतं. म्हणून नुसतं दादा.

परवा दुपारी वहिनीचा फोन आला. मी डबा उघडत होते. आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते कळेना. शेवटी तीच म्हणाली, "अगं, मी वहिनी तुझी." मग ती रडली आणि मी चमचा हातात धरून उभी राहिले. तू जी लिफ्ट दुरुस्त करायला गेला होतास तीच बंद म्हणून नऊ मजले जिन्याने चढलास, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पोचलास आणि हातात पाना असतानाच कोसळलास. शुद्धीवर आलास तेव्हा कपाळ फुटलं होतं आणि रखवालदार तोंडावर पाणी मारत होता. तरीही म्हणे तू आधी लिफ्ट चालू केलीस आणि मगच खाली आलास. लिफ्टनेच. यावर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

वहिनीने रिपोर्ट अक्षरं लावत लावत वाचून दाखवला. मला पहिल्या दोन ओळींतच कळलं, पण तिला मध्येच थांबवलं नाही. हृदयातून सगळ्या अंगाचं रक्त जिथून बाहेर पडतं तिथल्या झडपेला तीन पाकळ्या असतात. तुला जन्मापासून दोनच आहेत. बाबांनाही दोनच होत्या. मला तीन आहेत, मी बाबांच्या नंतर लगेच तपासून घेतलं. दोनवाली झडप पन्नाशी उलटली की कडक होत जाते. नाण्याएवढी वाट शर्टाच्या बटणाएवढी होते. हृदय जोर लावत राहतं आणि एक दिवस जिना चढताना मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही. तुझं तेच झालं. चक्कर येऊन पडायला लागला की माणसाकडे दोन वर्षं असतात, फार तर तीन. हे मी घाबरवायला लिहीत नाही. हे असंच आहे.

तू डॉक्टरांना सांगितलंस म्हणे, "आमच्या घराला ते मशीन मानवत नाही." डॉक्टर हसले. ऑपरेशनमध्ये हृदयाचं काम करणारं ते मशीन मी चालवते, अजूनही, त्याच खोलीत, त्याच स्टुलावर. इथे सगळे मला पंपवाल्या बाई म्हणतात.

बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी पंपावर आमचे मोठे सर होते, मी नुसती बाजूला उभी होते, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. मशीनचा दोष नव्हता. कुणाचाच नव्हता. एखाद्याच्या बाबतीत तसं होतं.

ऑपरेशन करून घे. आमच्याकडे नको असेल तर दुसरीकडे कर.

धाकटी


१४ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर येणार नाही हे धरूनच चालले होते. पण वहिनी म्हणाली तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि फ्रिजवर ठेवलंस. फाडलं नाहीस. आणि जेवताना भिंतीकडे बघत म्हणालास, "विचार तिला, ते आत नक्की करतात तरी काय."

तर सांगते. मला दुसरं काही नीट सांगता येत नाही, हे येतं.

आज टेबलावर एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. भूल देईपर्यंत सगळ्यांना दरडावत होत्या. "उशीर का झाला? तुमची मास्कची नाडी सुटलीय." मग झोपल्या. सर्जनने छाती उघडली, हृदयाकडे येणाऱ्या रक्ताला एक नळी लावली आणि ते माझ्याकडे वळवलं. माझ्या टाकीत रक्त काळपट येतं. पलीकडे ऑक्सिजन मिळून लाल होतं आणि दुसऱ्या नळीने महाधमनीत परत जातं. मिनिटाला साडेचार लिटर. मग सर्जन महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे चिमटा, लावतात, हृदयाला थंड औषध दिलं जातं आणि ते थांबतं. पडद्यावरची रेघ सरळ होते. पहिल्यांदा बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. मी मात्र तेव्हा घड्याळाची वेळ लिहिते.

त्यानंतर ते माणूस दीड-दोन तास माझ्याकडे असतं. हृदय बंद, फुप्फुसं बंद. बाकीच्यांना काही कळत नाही, त्यांना फक्त आपला वाटा हवा असतो. सगळ्यात जास्त हावऱ्या किडन्या. दोन्ही मिळून तुझ्या मोठ्या पान्याहूनही हलक्या, पण पाचवा हिस्सा त्यांना लागतो. त्यांना मिळतंय की नाही हे मी लघवीच्या पिशवीवरून ओळखते, थेंब पडत असले की बरं. लिव्हरची तऱ्हा वेगळी. त्याला बरंचसं रक्त आतड्यांनी वापरून झालेलं मिळतं, मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याला मिळावा तसं. ते कुरकुर करत नाही. कातडी सगळ्यात आधी उपाशी राहते, म्हणून घाबरलेला माणूस पांढरा पडतो. मेंदूची गोष्ट निराळी. तो वाट बघत नाही. किडनी अर्धा तास कमी रक्तावर राहील आणि मग सावरेल. मेंदू काही मिनिटंच.

हृदयाचं सांगायचं राहिलं. ते सगळ्यांना रक्त देतं, पण स्वतःला लागणारं रक्त आकुंचन पावताना घेत नाही. सैल पडतं तेव्हा घेतं, दोन ठोक्यांच्या मधे. तुझ्या हृदयाला ती उसंत पुरत नाहीये. ते सतत ढकलतंय.

मुख्याध्यापिकांचं सगळं व्यवस्थित झालं. क्लॅम्प काढला, हृदय आधी नुसतं थरथरलं, मग आपलं आपण चालायला लागलं. मी हळूहळू पंप कमी करत नेला, चार, तीन, दोन, एक, बंद. ते उतरवणं मला आवडतं. म्हणजे आवडायचं. आता चांगलं झालं हे मला आकड्यांवरून कळतं, आतून काही होत नाही.

तू वहिनीला म्हणालास, "बाबांच्या वेळीही हिने हेच सांगितलं होतं, रोजचंच काम आहे म्हणून." हो. हेच सांगितलं होतं.

धाकटी


२ मार्च

दादा,

हे पत्र टाकण्याआधी मी आमच्या विभागप्रमुखांना एक निवेदन लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "नऊ वर्षांनी? कशासाठी, बाई?" मी म्हटलं, "माझा भाऊ ऑपरेशनला नाही म्हणतोय." त्यांना दोन्हींचा संबंध लागला नाही. तुला लागेल.

पहिल्या पत्रात मी पुन्हा खोटं लिहिलं. मुद्दाम नाही, सवयीने. ते वाक्य इतक्यांदा बोललेय की आपोआप येतं. बाबांच्या वेळी पंपावर मी होते.

आमच्याकडे नियम आहे, घरच्या माणसाच्या ऑपरेशनला बसायचं नाही. मोठे सरच बसणार होते. सकाळी त्यांची कंबर धरली, वाकताच येईना. ऑपरेशन पुढे ढकलायचं म्हणत होते. मी म्हटलं, ढकलू नका, बाबा दोन दिवस उपाशीतापाशी, घाबरलेले, पुन्हा तयार होणार नाहीत. मी घेते. मोठे सर फोनवर म्हणाले, "जमेल?" मी म्हटलं, "रोजचंच काम आहे."

बाबांच्या मानेतली डावी रक्तवाहिनी अर्धी बुजलेली होती, हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. म्हणून प्रेशर साठच्या खाली जाऊ द्यायचं नाही असं ठरलं होतं. पहिला दीड तास मी जाऊ दिलंही नाही. इतकं चांगलं काम मी आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. बाबा माझ्यासमोर होते, हिरव्या कापडाखाली. मला ते बाबा वाटतच नव्हते, आणि त्याचं मला बरं वाटत होतं.

प्रेशरचा अलार्म अधूनमधून उगाच वाजत होता. सर्जनचा नळीला धक्का लागला तरी वाजायचा. त्यांनी एकदा मान वर करून बघितलं. मी अलार्म बंद केला. दोन मिनिटांनी पुन्हा चालू करायचा असतो.

मग ऑपरेशनसाठी थंड केलेलं अंग गरम करायला घेतलं. गरम होताना रक्तवाहिन्या सैल पडतात आणि प्रेशर खाली येतं. हे प्रत्येक पेशंटचं होतं. औषधाचा एक डोस द्यायचा, दोन सेकंदांचं काम. भूलवाले डॉक्टर दाराशी पुढच्या पेशंटबद्दल कुणाशी तरी बोलत होते. नेमका तेव्हा भिंतीवरचा फोन वाजला. सिस्टरने उचलला, म्हणाली, तुमच्यासाठी आहे. वायर लांब होती. तिने रिसीव्हर माझ्या कानाशी धरला आणि मी बोलले. बोलताना मी पडद्याकडे पाठ केली नव्हती. पडदा समोरच होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि वाचत नव्हते.

फोन ठेवला तेव्हा प्रेशर अडतीस होतं. ते किती वेळ अडतीस होतं हे मशीनमध्ये पाहिलं. सहा मिनिटं.

औषध दिलं, प्रेशर वर आलं. पुढचं सगळं व्यवस्थित झालं. तक्त्यात दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा असतो. मी अडतीसच्या जागी अठ्ठावन्न लिहिलं, साठच्या जरासंच खाली, कुणी विचारू नये एवढं.

दुसऱ्या दिवशी बाबा उठले तेव्हा उजवा हात उचलेना आणि बोलता येईना. सर्जन म्हणाले, झडपेचा एखादा कण सुटून मेंदूत गेला असेल, कधीकधी होतं. तसं झालंही असेल, दादा. मी हे स्वतःला वाचवायला लिहीत नाही. खरंच झालं असेल, खरंच नसेलही. गेली नऊ वर्षं मी त्या 'असेल'मध्येच राहतेय.

तू कॉरिडॉरमध्ये माझ्या अंगावर ओरडलास, "तुझ्या मशीनने माझा बाप खाल्ला." सगळे वळून बघायला लागले. मी म्हटलं, "मी नुसती बाजूला उभी होते." तेव्हा पहिल्यांदा म्हटलं ते.

नंतरचे अकरा महिने, बाबा जाईपर्यंतचे, तुला माहीत आहेत. त्यांच्या चष्म्याच्या दुकानातला तपासणीचा अक्षरांचा तक्ता मी त्यांच्या खोलीत लावला, ओळखीचा आहे म्हणून. चाळीस वर्षं त्यांनी तो पाठ म्हटला होता, लोकांच्या नाकावर चष्मे चढवत, बडबड करत. आता त्यांना वरचं एवढं मोठं अक्षरही म्हणता येईना. एकच शब्द उरला होता, 'चला'. भूक लागली तरी चला, दुखलं तरी चला. तू रविवारी यायचास, मी नसेन हे बघून. एका दुपारी मी त्यांचं तोंड पुसता पुसता सगळं सांगून टाकलं. अलार्म, फोन, अठ्ठावन्न. त्यांनी डाव्या हाताने माझ्या हातातला टॉवेल घेतला, स्वतःच तोंड पुसलं आणि म्हणाले, "चला." त्यांना समजलं की नाही, मला माहीत नाही.

हे सांगायचं कारण एवढंच की आपल्या घराला मशीन मानवत नाही असं काही नाही. मशीन ठीक होतं. आपल्या रक्तातही तसा दोष नाही. त्या दिवशी जे झालं ते माझ्याकडून झालं. तेव्हा तू मशीनला घाबरू नकोस. माझ्यावर राग धर आणि ऑपरेशन कर.

धाकटी


११ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पत्त्यातलं अक्षर बघूनच ओळखलं. तुझी ती लिफ्टच्या नकाशावर लिहायची ठोकळेबाज अक्षरं. नऊ वर्षांत पहिली ओळ, आणि एकच.

'फोन माझा होता का?'

मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. तुला हे विचारावंसं वाटणार नाही असं मला वाटलं होतं. म्हणजे वाटू नये अशी मी इच्छा केली होती. मागच्या पत्रात मी ते गाळलं, आणि गाळलेल्या जागेवरच तू बोट ठेवलंस. लहानपणीही तू असाच होतास. खोटं पकडायचास ते मी काय बोलले त्यावरून नाही, काय बोलले नाही त्यावरून.

आता मागे जायचं नाही. हो. फोन तुझा होता.

तू खालून केला होतास. म्हणालास, "झालं का गं?" मी म्हटलं, "होत आलंय, सगळं छान चाललंय." तू म्हणालास, "त्यांचा चष्मा माझ्या खिशातच राहिलाय. उठल्यावर आधी चष्माच मागतील. वर पाठवून देऊ का?" मी हसले. म्हटलं, "आज नको रे, आज त्यांना काही वाचायचं नाही." मग तू म्हणालास, सकाळपासून तू काही खाल्लं नाहीस. मी म्हटलं, जा, काहीतरी खाऊन ये, मी आहे इथे. तू म्हणालास, "तू आहेस म्हणून तर." मग आपण घरी नेल्यावर त्यांना कुठल्या खोलीत ठेवायचं यावर बोललो. तुझं म्हणणं पुढची, माझं म्हणणं मागची. एवढंच बोलणं. पुढची खोली की मागची.

आता नीट ऐक. मी तुझी धाकटी असले तरी या एका बाबतीत मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तू बाहेर बसलेला मुलगा होतास. बाहेर बसलेला माणूस फोन करणारच. लाकडाच्या बाकावर बसून चौथ्या तासाला कुणीही करेल. तो घ्यायचा की नाही हे आतल्या माणसाने ठरवायचं असतं. 'नंतर करते' एवढे दोन शब्द मला म्हणता आले असते. अलार्म मी बंद केला, तू नाही. आकडा मी खोटा लिहिला. त्या फोनवर तू काहीही चुकीचं केलं नाहीस. तू चष्म्याचं विचारलंस.

नऊ वर्षं मी गप्प बसले त्याचं एक कारण भीती होती. नोकरी जाईल, तू तोंड बघणार नाहीस. तोंड तर तू तसंही बघितलं नाहीस. दुसरं कारण हे होतं, की खरं सांगितलं तर हा फोनही सांगावा लागेल. मी स्वतःला सांगायचे की तुला वाचवतेय. त्यात थोडं खरं होतं. थोडंच.

इथलं विचारशील तर तीन लोकांची समिती नेमलीय. मला पंपावरून काढलंय, निदान तीन महिने. सध्या साठ्याच्या खोलीत नळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा तपासते. मोठे सर निवृत्त झालेत, त्यांना मी घरी जाऊन सांगितलं. ते कंबरेला हात लावून बसले आणि म्हणाले, "मी त्या दिवशी यायला हवं होतं." बघ, प्रत्येक जण आपला वाटा उचलायला तयार आहे. कुणी उचलायची गरज नाही. तू तर नाहीच.

एवढं वाचूनही नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. मी पुन्हा लिहिणार नाही.

धाकटी


९ एप्रिल

दादा,

लिहिणार नाही म्हटलं होतं. पण परवा आपली भेट झाली त्यातलं तुला काहीच आठवत नाही असं वहिनी म्हणाली. औषधांमुळे तसं होतं. म्हणून लिहून ठेवते, तुझ्याकडे असू दे.

आधीचं मला वहिनीकडून कळलं. माझं शेवटचं पत्र वाचून तू दुपारभर इमारतीच्या जिन्यावर बसून राहिलास. येणारेजाणारे तुला वळसा घालून गेले. वहिनी दोनदा चहा घेऊन आली, तू दोन्ही कप शेजारी ठेवलेस. दुसऱ्या दिवशी तिला न सांगता एकटाच डॉक्टरांकडे गेलास. त्यांना तू एकच प्रश्न विचारलास, "ऑपरेशन चालू असताना आत फोन असतो का?" ते म्हणाले, "आमच्याकडे नसतो. बाहेर काढून ठेवलाय." तू म्हणालास, "मग करा."

ऑपरेशनच्या सकाळी मी साठ्याच्या खोलीत होते. तुझ्या गावचं ते हॉस्पिटल मी तोवर पाहिलेलं नव्हतं, तिथे पंपावर कोण बसलं होतं हेही माहीत नव्हतं. हातातल्या पाकिटावरची तारीख मी वाचायचे आणि खाली ठेवायचे आणि तेच पाकीट पुन्हा उचलायचे. आत्ता थंड करत असतील. आत्ता क्लॅम्प. आत्ता गरम करायला घेतलं असेल. त्यानंतर काहीही विचार न करता मी भिंतीला टेकून उभी राहिले. कितीतरी वेळ.

दुपारी वहिनीचा फोन आला. बोलता येईना तिला. मी म्हटलं, "वहिनी, फक्त एवढं सांग, दोन्ही हात हलवतो का?" ती म्हणाली, "दोन्ही. आणि सिस्टरला म्हणाला, लिफ्टचं दार नीट लागत नाही तुमचं, येताना बघितलं." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पाकिटं मात्र बरोबर लावली त्यानंतर.

संध्याकाळी तिचा निरोप आला, "यायचं तर येऊ दे, म्हणाला."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. वहिनीने मला दारात घट्ट धरलं. केस पिकलेत तिचे. तू झोपला होतास. छातीवर मधोमध पट्टी, बाजूला नळ्या, त्यातल्या प्रत्येकीचं काम मला माहीत. आधी पिशवी बघितली, थेंब पडत होते. मग मॉनिटर. प्रेशर ब्याऐंशी. मग बघायला दुसरं काही उरलंच नाही म्हणून तुझ्याकडे बघितलं. तू बाबांसारखा दिसायला लागलायस. कुणी सांगितलं नव्हतं.

मी पायाकडून चादर वर केली आणि तुझी दोन्ही पावलं हातात धरली. आम्ही असंच बघतो. हृदयापासून सगळ्यात लांब तीच. तिथे ऊब पोचली म्हणजे सगळीकडे पोचलं. पावलं गरम होती, चांगली गरम.

तेवढ्यात तू डोळे उघडलेस. पूर्ण नाही, अर्धे.

"कोण?"

"मी आहे, दादा."

तुझ्या पापण्या खाली आल्या. मला वाटलं पुन्हा झोपलास. मग म्हणालास, "काय बघतेयस?"

"पाय गरम आहेत का ते."

"आहेत?"

"आहेत."

"तुझे हात गार आहेत," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस.

मी हात काढायला लागले. तर तू मान हलवलीस, थोडीशीच, नाही अशी. मग मी काढले नाहीत. भेटीची वेळ संपली, सिस्टर दोनदा येऊन गेली, तरी मी तशीच उभी होते.

धाकटी